कमानपाटे, बुश आणि घरचे अंगण : सीमाभागातील जुन्या एसयूव्हीच्या सस्पेन्शनची फेरबांधणी

मोटारीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामध्ये असणाऱ्या, रस्त्याचे धक्के सोसणाऱ्या आणि तरीही चाक जमिनीला धरून ठेवणाऱ्या सगळ्या जोडणीला सस्पेन्शन म्हणतात. परिभाषाकोशात त्यासाठी ‘निलंबन’ असा शब्द सापडतो; परंतु निपाणीच्या एखाद्या गॅरेजमध्ये तो उच्चारला, तर कोणा कारकुनावर खातेनिहाय कारवाई झाली असाच समज होईल, म्हणून येथे मेस्त्रींच्या तोंडचेच शब्द वापरले आहेत. पंधरा-वीस वर्षे राबलेल्या एसयूव्हीची ही जोडणी, ज्याने चाक बदलण्यापलीकडे पान्याला कधी हात लावलेला नाही अशा माणसाने घरच्या अंगणात उतरवून पुन्हा बांधावी का, आणि बांधायची तर कुठपर्यंत, हा येथील विचाराचा विषय आहे. त्याची दोन ठरीव उत्तरे ऐकू येतात. हे नवख्याचे काम नव्हे, असे गॅरेजवाले सांगतात. पाने असले की सारे जमते, असे हौशी मंडळी सांगतात. दोन्ही उत्तरांत एकच चूक आहे, ती अशी की सस्पेन्शनची फेरबांधणी हे एकच काम असल्याचे दोघेही गृहीत धरतात. वस्तुतः ती स्वभावाने निरनिराळ्या चार-पाच कामांची मोळी आहे. त्यांतली काही नवख्यालाच अधिक चांगली जमतात, कारण त्याला घाई नसते, तर काही अशी आहेत की त्यांत एकच चूक होते आणि ती शेवटची ठरते.

निपाणी-बेळगावच्या या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला हा विषय नवा नाही. टांग्याखाली बसवलेले कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या व कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या पाहण्यातले होते. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने घोडागाडीसाठी अशा पाट्यांचे पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घेतले होते आणि आजच्या जीपखालचा पाटा त्याच कुळातला आहे. सुटे भाग उघडून, पाहून, पुन्हा जोडून शिकण्याची रीतही येथलीच म्हणता येईल. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामुअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. आजही बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथकाम आणि प्रेसकाम करणारे छोटे कारखाने आहेत, आणि निपाणी या दोन शहरांच्या दरम्यान, दोहोंकडे तासाभराच्या आसपास पोहोचता येईल अशी आहे. घरगुती दुरुस्तीच्या दृष्टीने या भूगोलाला फार महत्त्व आहे, कारण येथे ‘घरी केलेले काम’ क्वचितच पूर्णपणे घरी होते.

आजच्या जुन्या गाड्या म्हणजे मुख्यतः तीन पिढ्या. पहिली महिंद्राची जीप व तिच्यापासून निघालेल्या कमांडरसारख्या गाड्या. यांत पुढे व मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकसंध दांडा, आणि त्याखाली पाटे. दुसरी टाटा सुमो (१९९४) आणि बोलेरो (२०००) यांची. यांच्या मागे पाटेच आहेत, मात्र पुढची चाके स्वतंत्र, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याचा हिसका बसू नये अशी रचना बहुतेक आवृत्त्यांत आहे. तिसरी टाटा सफारीची (१९९८). तिच्या पुढच्या बाजूस टॉर्शन बार, म्हणजे पिळला गेल्यावर स्प्रिंगचे काम करणारा सरळ पोलादी दांडा, आणि मागे पाच दुव्यांनी धरलेला ॲक्सल व कॉइल स्प्रिंग. घरगुती कामाची अवघडता याच क्रमाने वाढत जाते: जीप सर्वांत सोपी, सफारीचा पुढचा भाग सर्वांत बिकट.

गाडी कशी झिजली आहे हे तिच्या पूर्वायुष्यावरून ठरते, आणि सीमाभागात ते पूर्वायुष्य बहुधा वडापात गेलेले असते. वडाप म्हणजे माणसे भरतील तशी भरून गावोगाव फिरणारी खासगी जीप. बसता येईल त्याहून अधिक उतारू आणि टपावर गाठोडी वाहण्यासाठी अशा गाड्यांच्या मागच्या पाट्यांत एखादा जादा पाटा चढवलेला असतो. हीच गाडी पुढे एखाद्या कुटुंबाने घेतली की चार माणसांच्या वजनाने तो जादा पाटा दबतच नाही, मागच्या बाकावरच्या माणसांची हाडे खिळखिळी होतात, आणि मालक ‘सस्पेन्शन गेले’ म्हणून नवे शॉक ॲब्सॉर्बर विकत घेतो, ज्यांचा या दुखण्याशी काडीचा संबंध नसतो. रस्त्यांचाही वाटा आहेच. निपाणीपासून तवंदी घाट ओलांडून संकेश्वरमार्गे बेळगावला जाणारा महामार्ग गुळगुळीत; पण त्यावरून खाली उतरताच काळ्या जमिनीतले, पावसाळ्यात खचणारे गावरस्ते, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, आणि खानापूरच्या पुढे चोर्ला घाटाकडे तांबडा चिखल. चिखलाचे पाणी रबरी बुशांत व गोळीच्या सांध्यांत (बॉल जॉइंटांत) शिरते, उन्हाळ्यात त्याचीच बारीक माती होते आणि ती पॉलिश कागदासारखे काम करते.

येथेच या लेखाचे मुख्य म्हणणे मांडणे योग्य ठरेल. जुन्या गाडीत म्हातारपण आधी रबराला येते आणि पोलादाला फार नंतर. लोक मात्र पैसे पोलादावर खर्च करतात. पाट्यांच्या टोकांशी, आर्मच्या (चाक सांगाड्याला धरणाऱ्या दुव्याच्या) बिजागरीत, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याच्या) कड्यांत, शॉकच्या वर-खाली असे डझनावारी रबरी बुश असतात. दोन धातूच्या नळ्यांमध्ये चिकटवलेले रबर असे यांचे स्वरूप असते, आणि काही मेस्त्री त्यांना ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात. ऊन, तेल, ओझोन आणि काळ यांनी रबर कडक होते, तडकते, नळीपासून सुटते. मग चाक आपल्या जागी राहत नाही, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते आणि खड्ड्यात ‘ठक्’ असा ठोका ऐकू येतो. त्या ठोक्यावर उपाय म्हणून नवी स्प्रिंग बसवणे म्हणजे दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून चौकट बदलण्यासारखे आहे.

म्हणून कामाचा आरंभ पान्याने नव्हे, मापपट्टीने करावा. सपाट जागी गाडी रिकामी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली आणि लिहून ठेवली, तर डावी-उजवी तफावत लगेच दिसते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले, तर ॲक्सल एका बाजूला सरकला आहे का हे कळते. टायरची झीजही बोलते: एकाच कडेने झिजलेला टायर चाकाच्या कलाची तक्रार सांगतो, तर जागोजागी खोलगट झिजलेला टायर बहुधा दमलेल्या शॉककडे बोट दाखवतो. बॉनेट दाबून गाडी किती वेळा झुलते ते पाहण्याची जुनी परीक्षा ढोबळच आहे. आखडलेल्या बुशांची गाडी शॉक संपलेला असूनही झुलत नाही. त्यापेक्षा कोणाला तरी स्टिअरिंग हलवायला सांगून आपण प्रत्येक सांध्यावर हात ठेवणे अधिक उपयोगी, कारण सैल सांधा डोळ्याला दिसण्याआधी तळहाताला कळतो.

शॉक ॲब्सॉर्बरचे प्रकरण थोडक्यात आटोपते. स्प्रिंग धक्का साठवते आणि शॉक तो जिरवतो. आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, हालचालीची उष्णता होते आणि गाडी झुलायची थांबते. शॉक दुरुस्त होत नाही, बदलला जातो, आणि तोही एका ॲक्सलवरची जोडी एकदम. नवख्याने पहिले काम हेच घ्यावे. फक्त एक भान हवे: अनेक गाड्यांत मागचा ॲक्सल किती खाली लोंबावा याला शॉकच मर्यादा घालत असतो, त्यामुळे आधाराविना तो सोडला की ॲक्सल खाली जातो आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जाते किंवा तुटते.

कमानपाट्यांचा विषय मात्र विस्ताराने पाहायला हवा, कारण सीमाभागात सर्वाधिक मतभेद त्याच्यावरच आहेत. पाट्यांच्या जुडग्यातला सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात, एक डोळा सांगाड्याला बोल्टने पक्का आणि दुसरा शॅकलला, म्हणजे झुलणाऱ्या दुव्याला जोडलेला, कारण दबताना कमान सरळ होते आणि तिची लांबी वाढते. सारे पाटे मधोमध सेंटर बोल्टने ओवलेले असतात आणि ॲक्सलला यू बोल्टांनी आवळलेले असतात. सेंटर बोल्ट तुटला तर दोष बहुधा त्याचा नसतो. यू बोल्ट सैल झाले की ज्या भाराला तो केलेलाच नाही तो भार त्याच्यावर येतो. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही, म्हणून तो नवाच घालावा, ही शिफारस गॅरेजांत सहसा पाळली जात नाही आणि घरी करणाऱ्याने मात्र ती पाळावी.

बसलेले पाटे ‘मारून घेणे’, म्हणजे ठोकून त्यांची कमान पुन्हा उंच करणे, हा या भागातला रूढ उपाय आहे. त्याचे समर्थक म्हणतात की मूळ पोलाद आजच्या बाजारातल्या सुट्या पाट्यापेक्षा चांगले असते आणि खर्च फारच कमी येतो. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. आक्षेप असा की स्प्रिंगचे पोलाद, जे बहुधा सिलिकॉन-मँगनीजयुक्त असते, त्याचा लवचिकपणा निव्वळ आकारात नसून त्याला दिलेल्या पाण्यात असतो: ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. हे न करता थंडच ठोकलेला पाटा काही महिने उंच दिसतो आणि परत बसतो. भट्टीत अंदाजाने लाल करून सोडलेला पाटा तर मऊ तरी राहतो किंवा कडाडून मोडतो. त्यामुळे तापवून, तेलात विझवून, नीट पाणी देणारा कारागीर माहीत असेल तर पाटे मारून घेणे योग्य आहे, नसेल तर नवा जुडगा घेणे स्वस्त पडते, असा निष्कर्ष काढता येतो. घरच्या अंगणात हातोड्याने कमान वाढवण्याचा प्रयोग कोणत्याच बाजूने समर्थनीय नाही. नवख्याने करायचे ते वेगळेच: जुडगा सोडवणे, पाटे तारेच्या ब्रशने घासणे, तडा शोधणे (तो बहुधा सेंटर बोल्टच्या छिद्राशी किंवा डोळ्याच्या मुळाशी सापडतो), वडापाचा जादा पाटा काढणे आणि नवे बुश घालून बांधणे. जुडगा सोडवताना सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे शिकंज्यात धरलेले हवेत, नाहीतर दबून बसलेले पाटे उसळतात. जुन्या जीपमध्ये रबराऐवजी आट्यांच्या, ग्रीस लागणाऱ्या शॅकल असतात आणि त्यांतल्या काहींचे आटे डावे असतात. ‘निघतच नाही’ म्हणून लांब नळी लावून जोर करणाऱ्याने आपण तो घट्ट तर करत नाही ना, हे आधी तपासलेले बरे.

बुश बदलण्यात जोर लागतो खरा, पण नवख्याची खरी चूक जोराच्या जागी होत नाही. गंजलेला बोल्ट आतल्या नळीत धरलेला असतो. त्यावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी ठोकावे, आणि तरीही न निघाल्यास कापावा. बुश दाबून काढण्या-बसवण्यासाठी आर्म किंवा पाटा रिक्षात घालून लेथवाल्याकडे न्यावा आणि तेथील हायड्रॉलिक प्रेसवर दहा मिनिटांत काम करून आणावे, कारण घरी व्हाइस आणि सॉकेटच्या साह्याने तेच काम करताना अर्धा दिवस जातो आणि बुश तिरपा बसण्याचा धोका राहतो. खरी चूक होते ती शेवटी, बोल्ट आवळताना. चिकटवलेल्या रबराचा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने आवळली गेली की पुढची सगळी हालचाल रबर स्वतः पिळले जाऊन सोसते. गाडी उंच उचललेली, चाके लोंबलेली, अशा स्थितीत बोल्ट आवळले तर तीच स्थिती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते, आणि गाडी खाली उतरताच प्रत्येक बुश उभ्या गाडीतही कायमचा पिळलेला राहतो. असे बुश लवकर फाटतात, आणि मालक म्हणतो की माल नकली होता. म्हणून सर्व बोल्ट आधी हातघट्ट ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकलावी, आणि मग तिच्या स्वतःच्या वजनाखाली शेवटचे आवळावे. संपूर्ण फेरबांधणीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. घाईच्या गॅरेजमध्ये ती हटकून सुटते, आणि घरी काम करणाऱ्याची बाजू येथेच वरचढ ठरते.

किती आवळायचे, याचे माप न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. एक मीटर लांब पान्याच्या टोकाशी १० किलोचा भार टाकला तर सुमारे ९८ न्यूटन-मीटर होतात. त्या त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेतले आकडे आणि एक टॉर्क रेंच यांना पर्याय नाही. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश हाही एक चर्चेचा विषय आहे. ते टिकतात, पण धक्के आत पोहोचवतात, आणि ग्रीस वाळले की करकरतात. चोर्ल्याच्या वाटेवर शर्यती न लावणाऱ्या कुटुंबाला चांगल्या रबराचे बुश पुरतात.

पुढच्या स्वतंत्र चाकांकडे वळताच कामाचा स्वभाव बदलतो. दोन टनांच्या आसपास वजनाच्या गाडीत पुढच्या एकेका चाकावर पाचशे किलोच्या घरात भार असतो, आणि स्प्रिंग आर्मवर चाकाच्या आत, बिजागरीच्या जवळ बसत असल्याने तिच्यात त्याहून अधिक बळ दाबून ठेवलेले असते. बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकाचा दांडा यांना जोडणारा गोळीचा सांधा, आधार न देता सोडला तर हे सारे बळ एका क्षणात मोकळे होते. कॉइल दाबण्याचे भाड्याने मिळणारे साधन वापरतानाही त्याचे आटे झिजलेले नसल्याची खात्री हवी. टॉर्शन बार त्या मानाने सभ्य असतो, कारण त्याचा पीळ समायोजनाच्या बोल्टने हळूहळू सोडता येतो; परंतु सोडण्याआधी दांडा आणि त्याचा खोबणीदार आर्म यांवर खूण केली नाही, तर परत बसवताना एका दात्याच्या फरकाने गाडी एका बाजूने वर राहते. डावा आणि उजवा दांडा अदलाबदल करता येत नाही, कारण कारखान्यातच त्यांना विरुद्ध दिशांनी पीळ दिलेला असतो. नवख्याने पुढच्या बाजूला शॉक, स्टॅबिलायझरच्या कड्या आणि टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दुव्याचे टोक, इथपर्यंत जावे. कॉइल आणि लोअर आर्म जाणत्या हाताच्या उपस्थितीत उतरवावेत. यात भित्रेपणा नाही. बॉल जॉइंट चुकला तर दंड बुश चुकल्यासारखा करकरण्याचा नसतो, तवंदीच्या उतारावर चाक आडवे होण्याचा असतो.

जागेचा प्रश्न ग्रंथांत दुर्लक्षित असला तरी येथे तो कळीचा आहे. काळ्या मातीच्या अंगणात जॅक उभा राहत नाही, रुततो; आणि शहाबादी फरशीवर स्टँडचा पाय एका बिंदूवर भार टाकतो, त्यामुळे खाली पोकळी असलेली फरशी तडकते. दोन्ही ठिकाणी जाड लाकडी फळी घालावी लागते. विटांवर किंवा दगडांवर गाडी टेकवण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती सर्वथा त्याज्य आहे, कारण वीट इशारा न देता फुटते. जॅक उचलण्यासाठी असतो, स्टँड धरण्यासाठी, आणि काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवणे ही तिसरी खबरदारी. मृगाच्या तोंडावर असे काम कोणी काढू नये.

सुट्या भागांसाठी सीमेच्या दोन्ही बाजू खुल्या आहेत, आणि केए-२३ अशा चिकोडीच्या पाटीची गाडी कोल्हापुरी बुशांवर धावते यात कोणाला नवल वाटत नाही. कायद्याच्या दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणीअंती पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते, म्हणजे ज्या वयात सस्पेन्शन बांधावे लागते त्याच वयात गाडी तपासनिसापुढे उभी राहते. दुसरे, उत्पादकाच्या मूळ रचनेत मूलभूत बदल करण्यास कलम ५२ आडवे येते. झिजलेला भाग त्याच मापाच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती, पण मोठे टायर बसावेत म्हणून पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी चार इंच उचलणे ही दुरुस्ती नव्हे. अशा उचलण्याने स्टिअरिंगचे दुवे आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोनही बिघडतात.

फेरबांधणी झाल्यावर गाडी अलाइनमेंटला न्यावी लागते. चाके वरून पाहता आत-बाहेर किती वळलेली आहेत (टो), समोरून पाहता किती कललेली आहेत (कँबर), आणि वळणाचा अक्ष बाजूने पाहता किती मागे झुकला आहे (कॅस्टर), या तीन मापांपैकी टो तेवढी दोरी ताणून घरी अंदाजे जुळवता येते. उरलेल्या दोन्हींसाठी यंत्रच हवे. अखंड पुढच्या ॲक्सलच्या जीपला टोखेरीज फारसे जुळवायचे नसतेच. त्यानंतर काही दिवस गाडी रिकामी व जवळपास चालवावी, प्रत्येक फेरीनंतर खाली वाकून ओला डाग, चमकलेला धातू किंवा सरकलेली खूण दिसते का ते पाहावे, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा मापाने आवळावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना पकड सैल होतेच. आरंभी वहीत लिहून ठेवलेल्या चार उंच्या त्याच वेळी पुन्हा मोजाव्यात.